मयताचं पाणी

दिवाळी अंक काढणारी पोरं घरी आली आणि म्हणाली, "काका, एवढी वर्षं पाणी सोडलंत, काहीतरी गमतीजमती लिहून द्या." लिहितो. पण गमती कमी निघतील, हे आधीच सांगून ठेवतो. माझं शिक्षण सातवीपर्यंत. शुद्धलेखन पोरांनी सुधारावं. शिव्या मी माझ्या हाताने काढून टाकल्यात. डोकं मात्र तापलेलं आहे, ते तसंच राहू द्यावं.

मी बदलापूरला बेलवलीत राहतो. पाणीखात्यात व्हॉल्वमन होतो. थोडी वर्षं अंबरनाथला काढली, बाकी सगळी नोकरी इथंच. लोक आम्हाला चावीवाला म्हणतात. चावी म्हणजे कुलपाची नव्हे. छातीएवढा उंच लोखंडी दांडा, वर धरायला आडवी मूठ. रस्त्यावरच्या चेंबरचं झाकण काढायचं, दांडा खाली घालून व्हॉल्वच्या डोक्यावर बसवायचा आणि फिरवायचा. बास. एवढंच काम, पण त्या फिरवण्यावर हजार घरांची भांडी वाजतात.

नळ उघडला की पाणी येतं, एवढंच लोकांना ठाऊक. ते नदीतून उचलावं लागतं, गाळावं लागतं, औषध टाकून उंच टाकीत चढवावं लागतं. टाकीतून मोठी लाइन निघते, तिला फांद्या फुटतात, प्रत्येक फांदीच्या तोंडाशी एक व्हॉल्व. सगळ्या फांद्या एकदम उघडल्या तर कुणालाच पाणी नाही, नळ नुसते सुस्कारे टाकतात. म्हणून पाळी. आज या भागाला, उद्या त्या भागाला. व्हॉल्व उघडायचा तोही हळू. रिकाम्या लाइनीत हवा बसलेली असते, तिला बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो. घाई केली तर जॉइंट फुटतो आणि मग पाणी रस्त्याला.

आणि प्रत्येक लाइनीला एक शेवटचं टोक असतं. तिथं पाणी सगळ्यांत उशिरा पोचतं आणि सगळ्यांत आधी जातं. टोकाला कोण राहतं, हे मी सांगायला पाहिजे का? आमच्या लाइनीच्या टोकाला, सोनिवलीच्या बाजूला, नाल्याकाठी एक वस्ती आहे. पत्र्याची घरं. पुढे ती वस्ती येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवलं.

आता मुद्द्याचं.

आमच्या कामात एक रीत होती. कुठल्या कागदावर नव्हती, कुठल्या साहेबाने काढलेली नव्हती. मी लागलो तेव्हा जुन्या चावीवाल्याने शिकवली, त्याला त्याच्या आधीच्याने. एखाद्या गल्लीत कुणी वारलं आणि त्या दिवशी त्या गल्लीची पाळी नसली, तरी थोडा वेळ पाणी सोडायचं. मयताला आंघोळ घालायची असते. स्मशानातून माणसं परत आली की त्यांना अंग धुवायचं असतं. घर धुवायचं असतं. पिंपात राहिलेल्या दोन हंड्यांत हे होत नाही. आम्ही त्याला मयताचं पाणी म्हणायचो.

मागायला येणारा माणूस काही बोलत नसे. दारात येऊन उभा राहायचा. माझ्या बायकोला, सुमनला, तोंडावरून कळायचं. ती आधी त्याला बसवायची, चहा पाजायची, मग विचारायची, "कोण गेलं, बाबा?" तोवर माझ्या पायात चप्पल आणि खांद्यावर चावी आलेली असायची.

पण पाणी काही आकाशातून पडत नाही. एका गल्लीला जास्तीचं सोडलं की ते कुणाच्या तरी वाट्यातून जातं. जायचं कुणाच्या? टोकाच्या वस्तीच्या. त्यांची पाळी त्या दिवशी उशिरा लागायची, धार बारीक यायची. खात्यातल्या कुणालाही याचं काही वाटत नसे. खरं सांगायचं तर सुरुवातीला मलाही नाही. वाटलं ते सुमनला. मी चावी घेऊन निघालो की ती उलट्या दिशेला निघायची, वस्तीत. बायका भांडी मांडून बसलेल्या असायच्या. त्यांना सांगायची, "आज पाणी उशिरा येईल गं. पलीकडं मयत आहे."

वस्तीत झुंबरबाई म्हणून एक होती. सुकट-बोंबील विकायची, डोक्यावर पाटी घेऊन पार अंबरनाथपर्यंत हिंडायची. तिचा आवाज असा की चेंबरमध्ये वाकलेलो असलो तरी ऐकू यायचा. ती ओरडायची, "ह्या मेल्यांनी मेल्यावर तरी आमचं पाणी सोडावं!" सगळ्या बायका हसायच्या. सुमनही हसायची. मग झुंबरबाई आपली भांडी बाजूला ओढायची आणि म्हणायची, "दे बाई, दे. शेवटची आंघोळ कोणाची मोडू नये. आपल्यालाबी लागणारच आहे एक दिवस."

इतक्या वर्षांत वस्तीतून एकही तक्रार गेली नाही. कारण त्यांना कुणीतरी येऊन सांगत होतं. रीत चावीने चालत नव्हती, सुमनच्या त्या चालत जाण्याने चालत होती. मला हे कळायला फार वर्षं लागली.

तक्रारी यायच्या त्या दुसरीकडून. अंबरनाथला एक कापडाचा व्यापारी होता, सिंधी सेठ, मोठा गोड बोलणारा. त्याने नळाला थेट मोटर जोडलेली. अशी मोटर लाइनीतलं पाणी ओढून घेते आणि शेजारचे नळ कोरडे पडतात. पाइपाला कुठं चीर असेल तर गटाराची घाणही आत ओढली जाते. मी मोटर शोधायला गेलो तर सापडेना. आवाज येतो, मोटर दिसत नाही. शेवटी देवघराच्या खालचा पडदा उचलला. देवाच्या पायाशी मोटर, वर अगरबत्ती.

सेठ म्हणाला, "अरे साईं, भगवान के घर में हाथ मत डालो."

मी म्हणालो, "सेठ, भगवान को बोलो, लाइन में खड़ा रहे."

मोटर काढून नेली. सेठ त्यानंतर माझं तोंड बघेना. पुढे त्याची आई वारली आणि तोच सेठ आमच्या दारात. नुसता उभा. माझ्या मनात आलं, म्हणावं आता देवघराखालून काढ पाणी. सुमनने माझ्याकडे एकदाच बघितलं. मी चावी उचलली. आईने मोटर लावली नव्हती ना, असं ती नंतर म्हणाली.

आणखी एक बाई होती, बंगल्यातली. आम्ही बौद्ध. तिला ते कुठून तरी कळलं असावं. एकदा फाटकात उभी राहून मला विचारते, "पाणी सोडायला दुसरं कोणी येत नाही का हो, तुमच्याशिवाय?" मी म्हणालो, "बाई, मीच सोडतो. नको असेल तर तुमची लाइन बंद करतो." घरी येऊन सांगितलं तर सुमन पोट धरून हसली. म्हणाली, "तिला विचारायचं होतं, नदीला आधी कोण कोण शिवलंय ते." मी रागवायचो आणि ती हसायची, असा आमचा संसार. आता रागवायला मी एकटाच उरलोय, म्हणून जरा जास्तच होतं.

मी निवृत्त झालो आणि नंतर काम ठेकेदाराकडे गेलं. व्हॉल्व विजेचे झाले. टाकीच्या आवारात एक खोली केली, तिथं पडद्यावर बोट लावलं की इकडे व्हॉल्व फिरतो. चांगलं आहे. म्हातारपणी कुणाची कंबर मोडणार नाही. मी यंत्राच्या विरोधात नाही. पण रीत काही त्या पडद्यात गेली नाही. दारात येऊन उभं राहायचं तर कुणाच्या? चेंबरला सील, खोलीला कुलूप, आणि फोन लावला की एक बाई बोलते, ती बाई खरी नाही.

हे मला कळलं ते सुमन गेली तेव्हा.

ती बरेच दिवस आजारी होती. कपडे, चादरी रोज धुवाव्या लागत होत्या, घरातलं पिंप तळाला गेलेलं. त्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद. सकाळी ती गेली. शेजारच्या बायकांनी आपापल्या घरातून कळशी कळशी आणली, पण त्यांचीही पिंपं तशीच. माझ्या पुतण्याने त्या फोनवर तक्रार नोंदवली. फोनवरच्या बाईने सांगितलं, गळतीसाठी एक दाबा, गढूळ पाण्यासाठी दोन दाबा. बायको मेल्यासाठी काय दाबायचं, हे ती बोलली नाही.

पुतण्या हुशार. त्याने प्लांटला फोन करून पाण्याचे जार मागवले. ते निळ्या झाकणाचे, लग्नात ठेवतात ते. टेम्पो आला, जार उतरवले. बायकांनी पाण्यात हात घातला आणि काढून घेतला. बर्फासारखं गार. प्लांटवाल्याकडे दुसरं नसतं. पातेलं गॅसवर चढवलं तोवर खाली शववाहिनीवाला हॉर्न मारायला लागला, त्याला पुढची फेरी होती. पातेलं कोमट होईपर्यंतही कुणी थांबलं नाही. आणि मी? मी भिंतीला टेकून बसलो होतो.

सुमनला ऐन उन्हाळ्यातही कढत पाणी लागायचं. गार पाण्याचा थेंब पाठीवर पडला तर किंचाळायची. तिला जारच्या गार पाण्याने आंघोळ घातली. कुणाकुणाच्या आईबापांना जिच्या दारातून पाणी गेलं, तिला.

आमच्यात मयतानंतर जलदान विधी असतो. भंतेजी गाथा म्हणतात आणि घरच्या माणसाने तांब्यातून वाटीत धार धरायची, वाटी भरून वाहेपर्यंत. त्या दिवशी नळाला धो धो पाणी होतं. मी धार धरली. वाटी भरली, ताट भरलं, खालची सतरंजी भिजली, तरी माझा हात थांबेना. शेवटी पुतण्याने मनगट धरलं. त्याच संध्याकाळी त्याच्या फोनवर खात्याचा निरोप आला: आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे, सेवेला किती तारे द्याल? मी त्याला म्हणालो, फोन माझ्या हातात देऊ नकोस, मी तो विहिरीत टाकीन.

झुंबरबाई भेटायला आली होती. खूप थकलेली, काठी टेकत. तिला कुणीतरी जारचं सांगितलं होतं. तिने मला सरळ झापलं. "चावीवाल्या, मेल्या, एवढी वर्षं गावाला पाणी वाटलंस आणि बायकोला बाटलीतलं घातलंस? मला निरोप धाडला असतास तर अख्खी वस्ती हंडे घेऊन आली असती." मी खाली मान घालून बसलो. निरोप न्यायची ती सुमन. तीच तर त्या दिवशी आत झोपली होती. मला ते सुचलंच नाही.

त्यानंतर या गेल्या उन्हाळ्यात एक दिवस सकाळी दार वाजलं. झुंबरबाईचा मुलगा, दत्ता. आनंदनगरला कारखान्यात हेल्पर आहे. बोलला नाही. उभा राहिला.

मी त्याला बसवलं. चहा ठेवता येत नाही मला नीट, पाणीच दिलं. मग विचारलं, "आई?"

"हो. काका, वस्तीला तीन दिवस पाणी नाही. आई सारखी म्हणायची, काही झालं तर चावीवाल्याकडे जा."

"अरे, चावी माझ्याकडे कुठंय आता?"

"ते तिला माहीत होतं. तरी म्हणायची."

मी चप्पल घातली.

टाकीच्या आवारातल्या खोलीत निलेश म्हणून मुलगा बसतो. ठेकेदाराचा माणूस, नाव बदलून लिहितोय. मला ओळखतो. मी सांगितलं काय ते. म्हटलं, वस्तीचा व्हॉल्व उघड, आणि टोकापर्यंत पाणी पोचायला हवं असेल तर मधला टॉवरांचा थोडा दाबून धर. सोनिवलीला नवे टॉवर झालेत, त्यांच्या पोटात एवढ्या मोठ्या टाक्या आहेत की सगळं पाणी तिथंच मुरतं.

निलेश म्हणाला, "काका, मी उघडला असता. पण पाळी सोडून उघडला की कारण मागतंय. कारण नाही दिलं तर व्हॉल्व हलतच नाही."

"मग दे कारण. मयत."

"तो ऑप्शनच नाहीये ना. बघा तुम्हीच."

मी चष्मा लावून बघितलं. पडद्यावर कारणं होती. गळती दुरुस्ती. लाइन धुणे. आग. व्हीआयपी दौरा.

मी परत वाचलं. व्हीआयपी दौरा. कुणी मोठा माणूस येणार म्हणून रस्ते धुवायला, झाडांना पाणी घालायला पाळी मोडता येते. त्याची सोय आठवणीने केलेली आहे. ज्याने हे बनवलं त्याच्या घरात कुणी मेलंच नसेल काय? की त्याच्या घरी पाणी कधी जातच नाही?

"आगीचं टाकू का?" निलेश म्हणाला. "पण मग बंबवाल्यांना आपोआप कॉल जातो."

मी म्हटलं, "आग नको. व्हीआयपी टाक."

"काका, मी गेलो कामावरून."

"तुझ्याकडे कुणी आलं तर माझं नाव सांग. टाक. व्हीआयपीच आहे ती."

त्याने माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, आणि बोट लावलं.

मग मला सुमन आठवली. पाणी सोडून भागत नाही, ज्याचं घेतलं त्याला सांगावं लागतं. मी टॉवरवर गेलो. गेटवर वॉचमनने अडवलं, आत सोडेना. शेवटी इंटरकॉमवर सेक्रेटरीशी बोलू दिलं.

मी म्हटलं, "साहेब, तुमचं पाणी आज थोडं उशिरा येईल. मयत आहे."

तिकडून आवाज आला, "हमारी सोसायटी में?"

"नाही. मागे वस्तीत."

"तो?"

एवढंच म्हणाला. 'तो?' म्हणजे, मग आम्हाला काय त्याचं. नाल्याकाठच्या बायकांना सुमनने अर्धं वाक्य सांगितलं की भांडी बाजूला ओढली जायची. त्यांच्याकडे पिंपं नव्हती, टाक्या नव्हत्या, वॉचमन नव्हता. आणि ज्याच्या तळघरात पोहता येईल एवढं पाणी आहे, तो विचारतो, 'तो?' इंटरकॉम वॉचमनच्या हातात दिला आणि वस्तीकडे चालायला लागलो.

तिथं नळाने आधी हवा सोडली, मग गढूळ, मग नितळ. बायकांनी हंडे भरले, चुलीवर पाणी तापवलं. कढत. मी सांगितलं होतं, कोमट नको, चांगलं कढत करा, मग त्यात गार घाला. एक पोरगी म्हणाली, "झुंबरमावशी असती तर म्हणाली असती, ह्या मेलीला कशाला एवढं पाणी." सगळ्या रडता रडता हसल्या. स्मशानातून आलेल्यांनी अंग धुतलं. दत्ताने घर धुतलं. मग मी निलेशला फोन केला, बंद कर म्हणून. सुरुवातीला जेवढ्या हळू उघडला, तेवढ्याच हळू बंद कर.

टॉवरच्या सेक्रेटरीने तक्रार केली. ती मात्र निकालात निघाली नाही, तिच्यावर चौकशी लागली. निलेशला विचारणा झाली: सदर दिवशी या भागात कोणत्याही व्हीआयपीचा दौरा नसताना पाणी का सोडण्यात आले? त्याने पोराला शोभेल अशा प्रामाणिकपणाने माझं नाव सांगितलं, आणि मला त्याचं बरं वाटलं. मग खात्यातून एक साहेब आमच्या घरी आले. वाईट माणूस नव्हता. बसला, पाणी प्यायला. म्हणाला, "काका, नोकरीचा प्रश्न आहे मुलाच्या. तुम्ही लेखी द्या, काय झालं ते. कोणाचा दौरा होता, एवढं लिहा, बाकी मी बघतो."

लेखी दिलं आहे. निलेश अजून कामावर आहे, पुढचं माहीत नाही. त्या साहेबाला दिलं ते टेबलाच्या खणात जाईल, म्हणून इथंही छापायला देतो. शुद्धलेखन पोरांनी सुधारावं, शब्द बदलू नयेत.

"साहेबांस जयभीम. त्या दिवशी आलेल्या व्हीआयपीचं नाव झुंबरबाई. धंदा सुकट-बोंबील विकणे. लोकांच्या घरी मयत झालं की ती आपल्या नळाचं पाणी सोडायची आणि वर शिव्या द्यायची. तिला तिच्याच पाण्यातलं थोडं परत दिलं. व्हॉल्व उघडायला मी सांगितलं, मुलाचा दोष नाही. तुमच्या त्या पडद्यावर कारणांच्या खाली अजून एक ओळ घाला, मयत म्हणून. जागा आहे, मी बघितली आहे. आणि साहेब, तिच्या आधी बेलवलीतून एक व्हीआयपी गेली. नाव सुमन. तिच्यासाठी व्हॉल्व उघडला नाही. त्याची चौकशी कधी लावता?"